पैठणीचें मोल

पुण्याच्या बुधवार पेठेंत तुळशीबागेच्या राममंदिराचें काम 1761 सालीं सुरू झालें. त्या पेशवाईच्या काळीं पेठेंतील सधन घरांत मंगलप्रसंगीं नेसावयाचें महावस्त्र म्हणजे पैठणी.

तिच्या पदरावरील वेलबुट्टी विणतांना धोटा आरपार जात नाहीं. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेऊन धाग्यांत धागा अडकवितो. म्हणून नक्षी दोहों बाजूंनीं सारखीच दिसते. जर मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची असे, आणि तेंच तिच्या नाशाचें कारण ठरलें. वस्त्र जीर्ण झालें, कीं तें जाळून चांदी काढून घेत.

युरोपांत निराळें घडलें. चार्ल्स वर्थ या इंग्रज शिंप्यानें 1858 सालीं पॅरिस येथें भागीदारींत दुकान थाटलें आणि पुढें पोशाखांवर स्वतःच्या नांवाची पट्टी लावण्याची चाल पाडली. त्याचे सायंकाळच्या मेजवानीचे झगे आज त्या नांवासह संग्रहालयांत जपलेले आहेत. पैठणीवर विणकराचें नांव नसे. सराफाच्या काट्यावर त्याच्या महिनोन्महिन्यांच्या कष्टांचें वजन शून्य भरलें.

तें नांव आतां मिळणें कठीण. निदान घरांतील जुनी पैठणी मोडीस न काढतां, ती कोणाची व कोणत्या लग्नांतली, एवढें एका चिठ्ठीवर लिहून तिच्या घडींत ठेवावें.