विमानाच्या छपरातील झरोका

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) या नागपूर-अमरावती महामार्गावरील तालुक्याच्या गावास जवळचा विमानतळ तो नागपूरचा, सोनेगावचा. आणि ज्या सोनेगावी १९४९ पासून कित्येक वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत, तेथून आज प्रथमच आकाशात जाणाऱ्या कारंजेकराने, मुंबई-मडगाव मार्गावर २०१७ पासून काचेच्या छपराचा विस्टाडोम डबा धावत असता विमानालाच बंद छप्पर का, असे विचारले तर त्यात वावगे काही नाही.

विमानाच्या छपरास झरोका कधी नव्हताच, असे मात्र नव्हे. रेडिओची साधने अपुरी होती त्या काळी समुद्रावरून रात्री जाणाऱ्या विमानातील मार्गदर्शक सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजून आपले स्थान निश्चित करी, आणि तेवढ्यासाठी छपरात ‘ॲस्ट्रोडोम’ नावाचा एक पारदर्शक घुमट बसविलेला असे. एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली मुंबई-लंडन फेरी ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या ज्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने केली, त्याच जातीच्या एका अमेरिकन विमानाचा घुमट आदल्याच वर्षी अटलांटिक महासागरावर उडून गेला, आणि आतील कोंडलेल्या हवेने मार्गदर्शकास त्याच वाटेने बाहेर फेकले. पुढे परिदर्शकाच्या नळीचा सेक्स्टंट आला आणि छपरात त्या नळीपुरते छिद्र तेवढे उरले.

रेल्वेच्या डब्यात आत व बाहेर हवा एकाच दाबाची असते. तेथील काचेस पाऊस, ऊन आणि आपले स्वतःचे ओझे एवढेच सोसावयाचे असते. उलट, पस्तीस-चाळीस हजार फुटांवरील जेट विमानात प्रवाशांसाठी सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका दाब राखावा लागत असल्याने, त्याच्या कवचाच्या दर चौरस मीटरवर आतून सुमारे सहा टनांचा रेटा पडतो. तो प्रत्येक उड्डाणात चढतो व उतरतो, आणि धातूस एखाद्या मोठ्या भारापेक्षा ही नित्याची ये-जाच अधिक जाचते.

या जाचाची रीतसर चौकशी झाली ती ब्रिटनच्या कॉमेट विमानाच्या निमित्ताने. प्रवासी वाहतुकीस लागलेले हे जगातील पहिले जेट विमान २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गकडे निघाले. परंतु १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ एक आणि ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे कॉमेट आकाशातच फुटले. फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेत, सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली, एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत बुडवून, आत पाणी भरून, दाब चढविण्या-उतरविण्याचा क्रम चालू ठेवण्यात आला. हवेऐवजी पाणी अशासाठी, की दाबलेल्या पाण्यात स्फोट घडविण्याइतकी शक्ती साठत नाही आणि फाटलेला पत्रा पुराव्यादाखल जागच्या जागी राहतो. खरी व कृत्रिम मिळून सुमारे तीन हजार उड्डाणे होताच कवच फाटले. मागाहून समुद्रतळातून काढलेल्या एल्बाच्या अवशेषांशी रुजवात घातली तेव्हा भेगेचा उगम सापडला तो छपरातील एका चौकटीच्या कोपऱ्याशी. ही चौकट प्रवाशांसाठी नव्हतीच. दिशादर्शक यंत्राच्या रेडिओलहरी आत याव्यात म्हणून तेथला धातू कापून अधातूचे झाकण बसविले होते. लोकांनी प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांवर ठपका ठेवला. चौकशीच्या दप्तरी नोंद झाली ती छपरातील झरोक्याची.

आणि छप्पर हे जोखमीचे ठिकाण आहेच. कारण पंखांमागे लोंबणाऱ्या शेपटीच्या भाराने, दाबाखेरीज, धडाची वरची बाजू लांबीच्या दिशेनेही ताणली जाते. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जुळविलेल्या सुखोई-३० एमकेआय विमानाचे दोन वैमानिक पारदर्शक छत्राखाली बसतात हे खरे. परंतु लढाऊ विमानात आतबाहेरच्या दाबांतील तफावत कमी ठेवलेली असते, वैमानिकाच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असतो, आणि ते छत्र दोन माणसांपुरते असते, दोनशे माणसांचे नव्हे. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या निम्म्याहून हलके असले तरी ताण सोसण्यात त्याहून फारच उणे. म्हणून ते जाड करावे लागते, आणि जाड केले की हलकेपणाचा लाभ तेथेच संपतो. शिवाय सामानाचे कप्पे, हवेच्या नळ्या, प्राणवायूचे मुखवटे आणि विजेच्या तारा, हा सारा संसार आज छपराच्या आश्रयानेच थाटलेला आहे.

ज्या बोइंग ७८७ च्या प्रवासी-कक्षाच्या जमिनीखालील तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात तयार होत आल्या, त्याचे कवच कार्बनतंतूंचे झाल्यामुळे खिडकी सुमारे ४७ सेंटिमीटर उंच करता आली. अर्धशतकाहून अधिक काळाच्या प्रगतीने प्रवाशाच्या पदरात टाकलेला उजेड तो एवढाच. तेव्हा पारदर्शक छपराचे प्रवासी विमान बांधता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर ‘येईल’ असेच द्यावे लागते. मात्र त्याचे वजन वाढेल, इंधन अधिक जळेल, उतारू कमी बसतील, छपराच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतील, आणि या सर्वांचा खर्च तिकिटावर चढल्यावर, वर पाहिले असता दिसेल ते बहुतेक वेळ रिकामे निळे आकाश. नद्या, शेते आणि गावे पाहावयाची तर ती खाली असतात, आणि त्यासाठी बाजूची खिडकीच कामाची.