ओबर्लिन: वीस डॉलरचं आमिष आणि जमिनीतून वर येणारे रूळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना वाक्यं जिथे फारच भरकटली होती तिथे थोडी सरळ केलीत, बाकी तसंच ठेवलंय.

अमेरिकेत नातेवाइकांकडे जाणारे बरेच जण विचारतात, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आता अजून काय बघायचं? तुमचं कुणी ओहायोत, क्लीव्हलँडच्या आसपास राहत असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ओबर्लिन. क्लीव्हलँडपासून गाडीने पाऊण तास, वस्ती आठ हजारांच्या घरात, मधोमध एक कॉलेज. माझा मावसभाऊ मला तिथे घेऊन गेला तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "ताई, अर्ध्या तासात संपेल हं हे गाव." आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता.

गावाच्या मध्यभागी टॅपन स्क्वेअर नावाचं मोठं मैदान आहे. तेरा एकर हिरवळ, मोठमोठी झाडं, आणि दोन प्रचंड दगड, जे कॉलेजची मुलं रंगवतात. आज कुणाचा वाढदिवस, उद्या कुठली तरी घोषणा. या मैदानाचं नाव न्यूयॉर्कच्या टॅपन बंधूंवरून पडलंय. आर्थर आणि लुईस टॅपन, दोघे श्रीमंत व्यापारी, दोघेही गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांच्यापासूनच सुरुवात करू, कारण गावाचं नशीब त्यांच्या पैशाने फिरलं.

1833 मध्ये दोन धार्मिक माणसांनी जंगल साफ करून हे गाव आणि कॉलेज एकदमच वसवलं. दोन वर्षांत तिजोरीत खडखडाट. त्याच सुमारास सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत गुलामगिरीवर चर्चा करायला बंदी आली आणि तिथले बरेच विद्यार्थी बाहेर पडले. ते ओबर्लिनला यायला तयार होते, त्यांच्या मागे टॅपन बंधूंचा पैसाही येणार होता. पण एक अट होती. कॉलेजने काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा. 1835 मध्ये विश्वस्तांची बैठक झाली, मतं समसमान पडली, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या रेव्हरंड जॉन कीप यांनी आपलं मत बाजूने टाकलं. झालं. एका मताने. हे नाव लक्षात ठेवा, कीप परत येणार आहेत.

लोक ही गोष्ट सांगताना पैशाचा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. तत्त्व आणि कर्जफेड एकाच दिवशी दारात उभी राहिली, आणि तरीही निम्मे विश्वस्त नको म्हणाले.

आता दुसरं ठिकाण. साउथ प्रोफेसर स्ट्रीटवर टॅल्कट हॉल नावाचं दगडी होस्टेल आहे. त्याच्यासमोर हिरवळीतून रेल्वेचे रूळ तिरके वर येतात आणि आकाशाकडे तोंड करून थांबतात. हे 1977 मध्ये एका विद्यार्थ्याने केलेलं शिल्प. विषय आहे 'अंडरग्राउंड रेलरोड'. नाव ऐकून भुयार आणि आगगाडी डोळ्यांसमोर येते, पण तसं काहीच नव्हतं. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना एका घरातून दुसऱ्या घरात लपवत उत्तरेला पोचवणाऱ्या माणसांची ती साखळी होती. ओहायो नदीच्या पलीकडे केंटकी, म्हणजे गुलामगिरीचं राज्य. नदी ओलांडली की ओहायो. ओहायो संपलं की एरी सरोवर, आणि सरोवरापलीकडे कॅनडा. ओबर्लिन सरोवराच्या अगदी जवळ, म्हणजे या साखळीतल्या शेवटच्या थांब्यांपैकी एक.

नदी ओलांडली म्हणजे सुटका झाली, असं मात्र नव्हतं. 1850 चा पळपुट्या गुलामांचा कायदा ऐका. उत्तरेच्या कुठल्याही गावात येऊन मालकाचा माणूस गुलाम पकडू शकत होता. पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची परवानगी नाही. मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि निकाल देणाऱ्या कमिशनरला फी किती? माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. कायद्यातच लिहिलेलं होतं हे!

13 सप्टेंबर 1858. ओबर्लिनमध्ये जॉन प्राइस नावाचा तरुण राहत होता, केंटकीतून पळून आलेला. त्याच्या मागावर आलेली माणसं गावात हॉटेलात उतरली होती, पण भर गावात त्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती. म्हणून त्यांनी शेक्सपियर बॉइंटन नावाच्या एका तेरा वर्षांच्या मुलाला गाठलं. हो, शेक्सपियरच. या पोराने प्राइसला सांगितलं, बटाटे काढायचं काम आहे, चल. प्राइस बग्गीत बसला. गावाबाहेर दुसरी गाडी मागून आली, माणसं उतरली, त्याला ओढून घेतलं. पोराला वीस डॉलर मिळाले.

गाडी निघाली दक्षिणेला, वेलिंग्टनकडे. साधारण पंधरा किलोमीटर. तिथून संध्याकाळी कोलंबसची गाडी पकडायची होती. पण वाटेत ओबर्लिनला परतणारा एक विद्यार्थी समोरून आला. प्राइस ओरडला. विद्यार्थी त्या क्षणी थांबला नाही, काही केलंही नाही. तो गावात पोचला आणि मग मात्र त्याने सगळं सांगितलं.

थोड्याच वेळात घोडे, बग्ग्या, गाड्या, जे मिळेल ते घेऊन गाव वेलिंग्टनकडे धावलं. दुकानदार, विद्यार्थी, सुतार, काळे, गोरे. त्यातले काही स्वतःच पळून आलेले गुलाम होते. म्हणजे गर्दीत पकडले गेले असते तर प्राइसच्या शेजारी त्यांनाही बसवलं असतं. वेलिंग्टनच्या हॉटेलभोवती शेकडो लोक जमले. आधी बोलणी, कागदपत्रं दाखवा, वॉरंट खरं की खोटं. संध्याकाळ होत आली, गाडीची वेळ जवळ आली, आणि शेवटी लोक आत घुसून प्राइसला घेऊन बाहेर आले. त्याला परत ओबर्लिनला आणलं आणि कॉलेजचे प्राध्यापक जेम्स फेअरचाइल्ड यांच्या घरात लपवलं. हे सभ्य गृहस्थ पुढे कॉलेजचे प्रेसिडेंट झाले. त्यांच्या घरी कुणी शोधेल असं कुणाच्या डोक्यात येणार नाही, हाच हिशोब. मग प्राइस कॅनडाला गेला.

सरकारने 37 जणांवर आरोप ठेवले. खटला प्रत्यक्षात दोघांवरच चालला, सायमन बुशनेल आणि चार्ल्स लँग्स्टन. लँग्स्टन काळे होते. शिक्षा सुनावण्याआधी कोर्टाने विचारलं, काही सांगायचंय? ते उठले आणि म्हणाले की माझा न्याय करणारी ज्युरी माझ्या बरोबरीची नाही, माझ्याविषयीचा पूर्वग्रह घेऊनच ती बसलीय, आणि उद्या माझ्यावर कुणी हात टाकला तर हा कायदा मलाही वाचवणार नाही. न्यायाधीशांवर याचा परिणाम झाला असावा. बुशनेलला 60 दिवस आणि 600 डॉलर दंड झाला होता, लँग्स्टनना 20 दिवस आणि 100 डॉलर. बाकीचे जामीन नाकारून क्लीव्हलँडच्या तुरुंगात बसले आणि तिथून त्यांनी चक्क एक वर्तमानपत्र छापलं, 'द रेस्क्यूअर' नावाचं. इकडे स्थानिक अधिकाऱ्यांनी गुलाम पकडायला आलेल्यांवरच अपहरणाचा गुन्हा नोंदवला होता. शेवटी तडजोड झाली, तुम्ही आमचे सोडा, आम्ही तुमचे सोडतो. जुलै 1859 मध्ये सगळे घरी परतले.

ही गोष्ट वाचताना मला जोतिराव फुले आठवत राहिले. 'गुलामगिरी' 1873 चं. जोतिरावांनी ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतःची झीज सोसली त्यांना. शाळेत आपण ते एका मार्काच्या प्रश्नासाठी पाठ केलं. ते लोक म्हणजे नेमके कोण, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. वेलिंग्टनच्या रस्त्यावर गाडीतून जाताना, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मला वाटलं, हे त्यातलेच काही.

चार्ल्सचे धाकटे भाऊ जॉन मर्सर लँग्स्टन, ओबर्लिनचेच पदवीधर आणि वकील, पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेले. त्यांचं घर ईस्ट कॉलेज स्ट्रीटवर अजून उभं आहे. आत कुणीतरी राहतं, त्यामुळे फूटपाथवरूनच बघा, कृपा करून बेल वाजवू नका.

तिथून जवळच व्हाइन स्ट्रीटवर मार्टिन ल्यूथर किंग पार्क आहे. तिथे एक साधा दगडी स्तंभ दिसेल. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, त्यात ओबर्लिनचे लोक होते. लुईस शेरिडन लिअरी जखमा होऊन मेला, जॉन कोपलंडला डिसेंबरमध्ये फाशी झाली. दोघांपैकी कुणीही या दगडाखाली नाही, हे नुसतं स्मारक आहे. लिअरीच्या विधवेने पुढे चार्ल्स लँग्स्टनशी लग्न केलं. त्यांचा नातू म्हणजे कवी लँग्स्टन ह्यूज.

इथपर्यंत ओबर्लिन म्हणजे देवमाणसांचं गाव वाटेल. आता एडमोनिया लुईस.

वडील काळे, आईकडून ओजिब्वे आदिवासी रक्त. 1859 मध्ये ती ओबर्लिनला शिकायला आली आणि राहायची कुणाच्या घरी? त्याच जॉन कीप यांच्या. 1862 च्या जानेवारीत घरातल्या दोन गोऱ्या मुली फिरायला निघाल्या होत्या, एडमोनियाने त्यांना मसाला घातलेली गरम वाइन दिली. दोघी आजारी पडल्या. हिने विष घातलं, असा आरोप झाला. सुनावणी व्हायच्या आधीच कुणीतरी तिला ओढून नेलं, बेदम मारलं आणि कडाक्याच्या थंडीत शेतात टाकून दिलं. त्याबद्दल कुणालाही कधी शिक्षा झाली नाही. तिचा खटला जॉन मर्सर लँग्स्टननी लढवला. मुद्दा सरळ होता, विष होतं याचा पुरावा कुठाय? ती सुटली. वर्षभराने चित्रकलेचं सामान चोरल्याचा आरोप. तोही सिद्ध झाला नाही. पण शेवटच्या टर्मला तिचं नाव नोंदवून घेतलं नाही. पदवीविना ती गाव सोडून गेली.

म्हणजे बघा, चारच वर्षांपूर्वी एका अनोळखी माणसासाठी जे गाव पंधरा किलोमीटर धावलं होतं, त्याच गावात हे घडलं. मारणारे वेलिंग्टनला गेलेल्या गर्दीत होते का, हा प्रश्न मनात येतोच.

एडमोनिया बॉस्टनला गेली, तिथून रोमला, आणि संगमरवरातली मोठी शिल्पकार झाली. तिची 'क्लिओपात्राचा मृत्यू' ही मूर्ती 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात गाजली. मग ती हरवली. शिकागोजवळ क्लिओपात्रा नावाच्या एका रेसच्या घोडीच्या थडग्यावर कितीतरी वर्षं उभी होती म्हणे, ऊन-पाऊस खात. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. ओबर्लिनने एडमोनियाला पदवी दिली 2022 मध्ये, मरणोत्तर.

मुलींचं पण थोडं ऐका. 1837 पासून इथे मुली मुलांबरोबर पदवीसाठी शिकू लागल्या, अमेरिकेत हे पहिल्यांदा. पण मुलांचे कपडे धुणं आणि शिवणंही त्यांच्याकडेच. 1847 मध्ये लूसी स्टोन पदवीधर झाली. समारंभासाठी निबंध लिही म्हणाले, पण व्यासपीठावर वाचणार पुरुष प्राध्यापक, कारण बाईने सभेत बोलायचं नाही. तिने लिहायलाच नकार दिला. पुढच्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

बाकीचं पटापट सांगते. तुमच्या घरातलं चहाचं ॲल्युमिनियमचं पातेलं इथल्यामुळे स्वस्त झालंय. 23 फेब्रुवारी 1886 ला चार्ल्स मार्टिन हॉल या बावीस वर्षांच्या पदवीधराने घरामागच्या शेडमध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं केलं. बहीण ज्युलिया, तीही इथेच रसायनशास्त्र शिकलेली, त्याच्या मदतीला होती. पुतळा मात्र एकट्या चार्ल्सचा आहे. ॲल्युमिनियमचा, अर्थात. टॅपन स्क्वेअरवरची कमान 1903 ची, चीनमधल्या बॉक्सर उठावात मारल्या गेलेल्या इथल्या मिशनऱ्यांसाठी. काही विद्यार्थी पदवीदानाच्या मिरवणुकीत तिच्याखालून जायचं टाळतात, म्हणतात, त्याच उठावात मेलेल्या चिनी माणसांचं काय? नंतर त्यांच्यासाठीही पाटी लावली गेली. वेलिंग्टनला गेलात तर तिथे 'स्पिरिट ऑफ 76' या प्रसिद्ध चित्राच्या नावाचं म्युझियम आहे, चित्रकार विलर्ड त्या गावचे.

आणि ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियम चुकवू नका. प्रवेश फुकट. 1940 पासून विद्यार्थी इथली खरी चित्रं सेमिस्टरभर भाड्याने होस्टेलच्या खोलीत नेऊन लावतात, बरीच वर्षं भाडं होतं पाच डॉलर. पिकासो पण मिळतो, फक्त त्यासाठी आदल्या रात्री रांगेत झोपावं लागतं. माझा मावसभाऊ यावर अजून विश्वास ठेवत नाही.

याच म्युझियमच्या संग्रहात जेम्स पेक थॉमस नावाच्या माणसाचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे श्रीमंत झालेला माणूस. 1874 चं काम. खाली शिल्पकाराचं नाव वाचा, एडमोनिया लुईस.