सुटीच्या दिवसाची फटफटी

यंदा खंडेनवमीला आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. हत्यारांची पूजा होती. भावाचा हातोडा, करवत, वहिनींची विळी, कात्री अशी सगळी मंडळी पाटावर मांडली होती. पुतणीने त्यांच्या शेजारी आपले पान्हे आणून ठेवले आणि अंगणातल्या जुन्या एन्फील्डला झेंडूची माळ घातली. वहिनींनी हळदकुंकू वाहिले, पण बोलायचे ते बोलल्याच.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिला. करवत कामाची, विळी कामाची. ही फटफटी कसल्या कामाची? दर रविवारी उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची. आणि मधूनच कुठल्याशा ट्रॅकवर नेऊन गोल गोल फिरवून आणायची. जिथून निघाली तिथेच परत! हात ग्रीसने काळे करून आजवर कुणाचं भलं झालंय?"

पुतणी काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. वाद मिटवणे मला कधीच साधले नाही. पण जुन्या गोष्टी वाचण्याचा नाद असल्यामुळे एखादी गोष्ट सांगता येते. त्या दुपारी जेवणानंतर जी सांगितली, तीच येथे जरा नीट मांडतो.

गोष्ट इंग्लंडातली आहे. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात, वेब्रिज नावाचे गाव आहे. तेथे ह्यू लॉक किंग नावाचे एक श्रीमंत जमीनदार राहत. त्या काळी इंग्लंडातल्या सार्वजनिक रस्त्यांवर ताशी २० मैलांच्या पुढे गाडी नेणे हा गुन्हा होता. मग वेगवान गाड्या बनवायच्या कशा आणि पारखायच्या कुठे? लॉक किंग यांनी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, जगातला पहिला खास बांधलेला मोटारींचा ट्रॅक उभा केला. त्याचे नाव ब्रुकलँड्स. १७ जून १९०७ रोजी तो खुला झाला, तेव्हा सर्वांत पुढची गाडी लॉक किंग यांच्या पत्नी एथेल चालवत होत्या.

हा ट्रॅक म्हणजे काँक्रीटची एक अवाढव्य परात होती असे म्हटले तरी चालेल. एक फेरी सुमारे पावणेतीन मैलांची, रुंदी शंभर फूट, आणि वळणावर कडा उचलत उचलत जवळजवळ २९ फुटांपर्यंत नेलेली. वेग जितका जास्त, तितके वर चढून वळायचे. एका बाजूने लंडनची आगगाडी जाई; तिच्या शेजारचा लांबलचक सरळ भाग 'रेल्वे स्ट्रेट' म्हणून ओळखला जाई. एके ठिकाणी हा मार्ग वे नदीवरून जात होता. पुलाच्या आसपासचे काँक्रीट हळूहळू खचले आणि तेथे एक उंचवटा तयार झाला. भरधाव गाडी त्या उंचवट्यावर आली की तिची चाके जमीन सोडत. प्रेक्षकांना मौज वाटे. वर बसलेल्याच्या मणक्यांना काय वाटे ते त्यालाच ठाऊक.

१९०८ पासून येथे फटफट्यांच्याही शर्यती होऊ लागल्या. त्या भरवणाऱ्या मोटारसायकल क्लबाने पुढे एक बक्षीस ठेवले. क्लबाच्या शर्यतीत ज्याने एक पूर्ण फेरी ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मारली, त्याला कोटाला लावायचा एक लहानसा सुवर्णतारा मिळे. पैसे नाहीत, पेला नाही. बोटाच्या पेराएवढा तारा. पण शंभर मैलांचा वेग म्हणजे पावणेतीन मैलांची फेरी शंभर सेकंदांच्या आत. हौशी मंडळी त्या ताऱ्यासाठी वर्षानुवर्षे झुरत असत.

अशा हौशी मंडळींतच एक मुलगी होती. बिअट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९, हॅम्पशायरमधल्या वॉटरलूव्हिल गावी. वडिलांचा धंदा खाटकाचा. बाहुल्यांपेक्षा पान्ह्यांची आवड मोठी. चौदाव्या वर्षी तिने एक फटफटी घेतली. ती कोणती, तर रॉयल एन्फील्ड. (इथे पुतणीने आईकडे पाहिले, हे सांगितलेच पाहिजे.) शाळा संपल्यावर तिने मार्गारेट पार्ट्रिज या बाईंच्या विजेच्या कंपनीत उमेदवारी केली, डेव्हनमधल्या खेड्यांतून तारा ओढल्या, जनित्रे बसवली. मग मँचेस्टर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी घेतली. त्या वर्षी त्या शाखेत मुली दोनच होत्या. १९३२ साली पदवी, १९३३ साली यंत्र अभियांत्रिकीची वरची पदवी, आणि त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाची नोकरी.

नोकरी आठवडाभराची; सुटीचा दिवस मात्र ब्रुकलँड्सचा. बर्मिंगहॅमपासून तो ट्रॅक शंभराहून अधिक मैल दूर. तिच्याजवळ नॉर्टन कंपनीची फटफटी होती, एका सिलिंडरची, ४९० सी.सी.ची. त्या गाडीला मागच्या चाकाशी स्प्रिंग नावाचा प्रकारच नव्हता; उंचवट्याचा प्रत्येक दणका थेट पाठीला.

अशा हौशी शर्यतवाल्याचा दिवस कसा जातो, हे पुतणीमुळे मला थोडेसे ठाऊक झाले आहे, आणि नव्वद वर्षांपूर्वीही तो फारसा निराळा नसावा. प्रेक्षकाला दिसते ती दीड-दोन मिनिटांची फेरी. बाकीचा सगळा वेळ गुडघे टेकून जातो. साखळीचा ताण पाहायचा, टायरमधली हवा पाहायची, एकेक नट हाताने चाचपायचा. एक फेरी मारून यायचे, इंजिन बंद करून प्लग काढायचा आणि त्याचा रंग वाचायचा. वैद्य जीभ पाहतो ना, तसेच ते. प्लग काजळी धरून काळा पडला असेल तर इंजिनाला पेट्रोल जास्त होते आहे; पांढराफटक असेल तर इंजिन उपाशी आहे. मग कार्बुरेटर उघडायचा आणि त्यातले 'जेट' बदलायचे. जेट म्हणजे काय? पितळेचा एक इवलासा तुकडा, मधोमध अगदी मोजून पाडलेले भोक. भोक केसभर मोठे झाले की पेट्रोल जास्त, केसभर लहान झाले की कमी. एवढ्याशा भोकावर शर्यत जिंकते किंवा हरते.

१९३४ साली बिअट्रिसने ताशी १०६ मैलांची फेरी मारली. म्हणजे पावणेतीन मैल सुमारे ९४ सेकंदांत! सुवर्णतारा तिच्या कोटावर आला. तिच्याआधी त्याच वर्षी फ्लॉरेन्स ब्लेंकिरन हिने तो मिळवला होता, आणि तिच्यानंतर १९३९ साली थेरेसा वॉलक हिने. ब्रुकलँड्सच्या साऱ्या इतिहासात तो तारा मिळवणाऱ्या स्त्रिया या तीनच. नोएल पोप हा तिथला नावाजलेला शर्यतवाला. १९३९ साली ताशी १२४ मैलांवर फेरी मारून त्याने फटफट्यांचा उच्चांक केला. त्यालाही शिलिंगबाईंनी आपल्या नॉर्टनवरून एकदा मागे टाकले होते.

१९३६ साली त्या फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तिथलेच जॉर्ज नेलर यांच्याशी १९३८ साली त्यांचे लग्न झाले. 'तुम्हीही सुवर्णतारा मिळवा, मग लग्नाचे पाहू,' अशी त्यांनी अट घातली होती म्हणे. ही आख्यायिका असेल. पण नेलरांनी तारा मिळवला होता, एवढे खरे.

पुढे युद्ध आले. १९३९ साली ब्रुकलँड्सच्या शर्यती बंद पडल्या, त्या कायमच्या. तिथे विमानांचे कारखाने होतेच. आता सगळी जागाच त्यांनी व्यापली. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने जर्मन विमानांशी झुंजू लागली. दोन्हींत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन. इंजिन उत्तम, पण त्याला एक खोड होती. जर्मन वैमानिक पाठलाग चुकवायला विमानाचे नाक एकदम खाली दाबी आणि सूर मारी. इंग्रज वैमानिकाने तसेच केले की त्याचे इंजिन आचके देई, गुदमरे, काळा धूर सोडी, कधी बंदच पडे. त्या काही क्षणांत शिकार निसटे, किंवा शिकारीच शिकार होई.

कारण असे. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येऊ लागला की पोटात गोळा वर चढतो. विमानाचे नाक खाली दाबले की कार्बुरेटरमधल्या पेट्रोलचे तसेच होते; ते तळ सोडून छताला जाऊन चिकटते. घरच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, तसाच गोळा कार्बुरेटरमध्ये असतो आणि पेट्रोलची वाट उघडझाप करतो. पेट्रोल वर गेले की आधी इंजिन क्षणभर उपाशी राहते. मग गोळा फसतो, वाट सताड उघडते, पंप पेट्रोल लोटतच राहतो आणि इंजिन अजीर्णाने गुदमरते. जर्मन इंजिनांत कार्बुरेटरच नव्हता. पेट्रोल दाबाने थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई. म्हणून त्यांना ही पीडा नव्हती.

इंजिने मुळातून बदलायची तर वर्षे हवीत, आणि वैमानिक रोज मरत होते. शिलिंगबाईंनी उपाय काढला तो पितळेचा. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी लहानशी टोपी, मधोमध मोजून पाडलेले भोक. कार्बुरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीत ती बसवायची. पूर्ण जोरात चालणाऱ्या इंजिनाला जास्तीत जास्त जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच त्या भोकातून जाईल. वरचा थेंब नाही. अजीर्ण टळले! पुढे टोपीऐवजी साधी चपटी चकती आली. ती बसवायला विमान कारखान्यात न्यावे लागत नव्हते. १९४१ च्या सुरुवातीला बाई सहकाऱ्यांची तुकडी घेऊन विमानतळ पालथे घालू लागल्या आणि मार्चपर्यंत लढाऊ दलाच्या विमानांत ती चकती बसली. वैमानिकांनी खुशीत येऊन तिला 'मिस शिलिंगचे भोक' असे नाव ठेवले. बाई तेव्हा सौ. नेलर होत्या, याची त्यांना पर्वा नव्हती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चकतीने 'ब्रिटनची लढाई' जिंकली असे पुष्कळदा सांगतात. ते खरे नाही. ती लढाई १९४० च्या शरदात संपली होती. चकती त्यानंतर आली. भूक आणि अजीर्ण या दोन दुखण्यांपैकी तिने दुसरेच बरे केले. संपूर्ण इलाज दाबाच्या नव्या कार्बुरेटरांनी पुढे झाला. पण मधल्या काळात, इंजिन गुदमरून पडले असते असे किती तरुण त्या पितळी चकतीमुळे संध्याकाळी घरी परतले असतील! त्यांच्या आयांना लढाईची तारीख काय करायची आहे?

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. ती चकती म्हणजे दुसरे काय होते? फटफटीच्या कार्बुरेटरातला जेट जसा पितळेचा, मधोमध भोकाचा, तशीच ती. पुस्तके तर त्या संस्थेत सगळ्यांनीच वाचली होती. पण ट्रॅकच्या कडेला गुडघे टेकून, प्लगचा रंग वाचून, केसभर मोठे की केसभर लहान याचा निवाडा ज्यांनी सुटीच्या दिवशी शेकडो वेळा केला होता, अशा बाईंच्या हाताला ते आधी सुचले, याचे मला नवल वाटत नाही. आणि योगायोग पाहा. हरिकेन विमानाने पहिले उड्डाण केले ते ६ नोव्हेंबर १९३५ रोजी, ब्रुकलँड्सवरूनच! ज्या काँक्रीटच्या परातीत बाई गोल गोल फिरत होत्या, तिच्याच मधल्या मैदानावरून.

बाईंना पुढे सरकारी किताब मिळाला. १९६९ पर्यंत त्या त्याच संस्थेत होत्या. युद्धानंतर फटफटी सोडून त्यांनी मोटारींच्या शर्यती केल्या. १९९० च्या नोव्हेंबरात त्या वारल्या. ट्रॅकचे काही तुकडे अजून उभे आहेत. तिथे आता संग्रहालय आहे.

आणि ती नावे? ती तर चालत आपल्याच अंगणात आली. रॉयल एन्फील्ड १९५५ पासून मद्रासेस बनू लागली. नॉर्टन २०२० साली तमिळनाडूच्या टी.व्ही.एस. कंपनीने घेतली. त्या सुवर्णताऱ्यावरून बी.एस.ए. कंपनीने आपल्या एका फटफटीला 'गोल्ड स्टार' नाव दिले होते, ती बी.एस.ए. २०१६ साली मुंबईच्या महिंद्र समूहातल्या एका कंपनीकडे आली.

गोष्ट संपली तेव्हा वहिनी उठून आत गेल्या. माझा वकिली युक्तिवाद फुकट गेला असे मला वाटले. "सगळ्यांच्या मुली काही विमानं वाचवत नाहीत, भाऊजी," असे त्या जाता जाता म्हणाल्याही, आणि ते अगदी खरे आहे. बाईंनी तरी विमाने वाचवायला फटफटी घेतली नव्हती. चौदाव्या वर्षी आवडली म्हणून घेतली होती.

पुढच्या रविवारी सकाळी मी सहज अंगणात डोकावलो. पुतणी कार्बुरेटर उघडून बसली होती. तिच्या शेजारी पाटावर, नीट घड्या घातलेल्या, वहिनींच्या जुन्या सुती पातळाच्या चिंध्या होत्या. तेल पुसायला.