कावेरीकाठची मराठी दप्तरे

कुंभकोणच्या पश्चिमेला, स्वामीमलैजवळ, तिरुवलंचुळी हे गाव आहे. येथे कावेरी उजवीकडे वळते आणि त्या वळणावरूनच गावाला नाव पडले आहे. येथील शिवालयातला श्वेतविनायक समुद्रमंथनाच्या फेसातून घडला, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे त्याला जलाभिषेक होत नाही. भीमसेनी कापराची पूड वाहून त्याची पूजा होते. जपणुकीची रीत ही जपायच्या वस्तूच्या प्रकृतीवरून ठरते, असे या पूजाविधीवरून म्हणता येईल. याच खोऱ्यात, येथून जवळच असलेल्या तंजावरात, मराठीचा एक फार मोठा कागदी ठेवा आहे. त्याची प्रकृती कोणती आणि त्याची जपणूक कशात आहे, हा प्रश्न मराठी अभ्यासकाने स्वतःला विचारला पाहिजे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावात येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. नायक राजांच्या ग्रंथभांडारावर भोसल्यांनी भर घातली. त्यात सर्वांत मोठा वाटा दुसऱ्या सरफोजीराजांचा (कारकीर्द १७९८–१८३२). १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व आसपासचा मुलूख एवढेच उरले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने उरलेले सामर्थ्य विद्येकडे वळविले. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही त्यांचा ग्रंथसंग्रह चालू होता. सत्ता गेल्यानंतरची ही केवळ करमणूक होती असे मला वाटत नाही. ज्या एका प्रांतावर कंपनीची जप्ती येत नव्हती, त्याचे राज्य ते करीत होते.

या संग्रहालाच आज सरस्वती महाल ग्रंथालय म्हणतात. १९१८ मध्ये ते सर्वांना खुले झाले आणि १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. ग्रंथालयाच्या नोंदीनुसार तेथे ३,०७६ मराठी हस्तलिखिते आहेत. बहुतेक कागदावर आहेत. काही मात्र ताडपत्रावर, मराठी भाषेत पण तेलुगू लिपीत लिहिलेली आहेत. रामदासी आणि दत्त संप्रदायांच्या मठांतील वाङ्मय येथे आहे. शाहजीराजांची (१६८४–१७१२) मराठी नाटके येथेच सापडतात. म्हणजे विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगाआधी सुमारे दीड शतक दक्षिणेत मराठी नाटक लिहिले जात होते. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर तमिळ परंपरेतील भविष्य सांगणारी कुरवंजी मराठीतून जगाचा भूगोल सांगते. तमिळ रचनाबंध, मराठी भाषा आणि युरोपातून आलेले ज्ञान यांचा असा संगम महाराष्ट्रात त्या काळी घडलेला दिसत नाही.

तथापि माझ्या मते या ठेव्याचा गाभा ग्रंथांत नसून दप्तरांत आहे. ग्रंथालयाच्या नोंदीत मराठा राजवटीच्या कागदांची १,३४२ दप्तरे आहेत आणि त्यांची लिपी मोडी आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख प्रसिद्धच आहे. बाबूराव चिटणीसांनी रचलेला तो लेख देवनागरीत आहे आणि दगडावर असल्याने टिकलाही आहे. परंतु शिलालेखातून राजकुळाने स्वतःविषयी जे सांगावयाचे ठरविले, तेवढेच कळते. राज्य रोज कसे चालत होते, हे दप्तरातून कळते. यात्रेकरूंना अन्न देणारी छत्रे, वाड्यातला खर्च, देवस्थानांचे व्यवहार अशा गोष्टींचा माग दप्तरांखेरीज कुठे लागणार? ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे. पण अशा वास्तूत किती पाने उठली, कोणाला किती शिधा मिळाला, हे दगड सांगत नाही.

खरी अडचण येथूनच सुरू होते. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी आपल्या शाळांतून गेली. तंजावरकडील मराठी कुटुंबे घरी आपली जुनी मराठी बोलतात, पण त्यांचे शिक्षण तमिळमधून होते. म्हणजे एका बाजूस बोली उरली आणि दुसऱ्या बाजूस साहित्याची भाषा उरली. दोघींना जोडणारी लिपी मात्र हातातून निसटली. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापले. हे काम कृतज्ञतेने स्मरावे असे आहे. मात्र मराठीत लिहिलेला कागद वाचण्यासाठी मराठी अभ्यासकाने तमिळ अनुवादाकडे जावे, यात आपल्या उदासीनतेचा निवाडाही आहे.

कागदाला वाळवीपासून आणि दमटपणापासून वाचविता येते. ते काम तेथील मंडळी करीत आली आहेत. वाचकच न उरल्याने येणाऱ्या मरणापासून मात्र त्याला कोणतेही कपाट वाचवू शकत नाही. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी दरवर्षी दोन-चार विद्यार्थी मोडीत तयार करून, थोडे तमिळ शिकवून तंजावरास धाडले, तरी एका पिढीत या दप्तरांचा इतिहास लिहिता येईल. या ठेव्याची प्रकृती अशी आहे की, वाचन हीच त्याची जपणूक.