चौकटीतल्या सावित्रीबाई आणि राहून गेलेली आजी

खंडाळा म्हटलं की लोकांना घाट आणि चिक्की आठवते. आमचा खंडाळा तो नाही बरं का. आमचा सातारा जिल्ह्यातला, पुणे-सातारा हायवेवरचा. याच तालुक्यातल्या नायगावात 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. त्यामुळे जानेवारी आला की शाळेत एक काम ठरलेलं असायचं: सावित्रीबाईंचं चित्र काढा.

मी सहावीत काढलं होतं. छापील चित्रावर पट्टीने चौकटी आखायच्या, ड्रॉइंग पेपरवर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीतली रेघ उतरवायची. आता कोड लिहायला लागल्यावर कळतं, मी पिक्सेल कॉपी करत होतो. कुंकू, पदर, नाक सगळं जागच्या जागी आलं. बक्षीसही मिळालं. पण चेहरा मी पाहिलाच नव्हता, चौकटी पाहिल्या होत्या.

चौकटींना मी नावं ठेवत नाही. मोठ्या भिंतीवर चित्र चढवताना चित्रकार आजही त्या वापरतात. पण व्यक्तिचित्र शिकवणं तिथेच का थांबतं? कारण आपल्याच जिल्ह्यात माणूस समोर बसवून रंगवणाऱ्यांची परंपरा होती.

औंधचंच बघा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. 1938 साली त्यांनी औंधला संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याचं चित्र पाहायला आपल्याकडच्या पोरांना मुंबई गाठावी लागत नाही, ती यांच्यामुळे. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर याच औंधला येऊन राहिले. ते मुळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. लाहोरला स्टुडिओ थाटून व्यक्तिचित्रं रंगवणं हा त्यांचा आधीचा व्यवसाय. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकरही नामवंत चित्रकार, आणि पुढे ते महाराष्ट्राचे कलासंचालक झाले.

गंमत म्हणजे शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा हेच कला संचालनालय घेतं. मी दोन्ही दिल्या. स्मरणचित्र होतं, संकल्पचित्र होतं, तांब्या-पेला समोर ठेवून काढणं होतं. माणूस समोर बसवून काढायचा पेपर मात्र नव्हता. मग परीक्षेत नाही ते वर्गात कोण शिकवणार?

आता हातात दिवा धरलेली ती बाई आठवा. बरेच जण ते चित्र रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आहे, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. राजवाड्यात पोचलेलं ते चित्र घरातल्या माणसाकडे बघून झालंय.

शाळेतही हे जमण्यासारखं आहे. एक तास पुरतो. मुलांना जोडीने समोरासमोर बसवा. बहुतेक मुलं डोळे कपाळाजवळ काढतात. त्यांना पेन्सिल धरून मोजायला लावा: टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढी उंची, त्याच्या साधारण मध्यावर डोळे येतात. दोन डोळ्यांच्या मध्ये अजून एक डोळा मावेल एवढी जागा असते. हा झाला सर्वसाधारण नियम. मग विचारा, समोरच्याचा चेहरा या नियमात कुठे बसत नाही? ते सापडलं की चित्र त्या मुलाचं दिसायला लागतं.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं त्याला कारण माझी आजी. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधला. सापडला तो आधार कार्डावरचा. दुकानात मोठा करून आणला, तर चेहऱ्याच्या जागी नुसत्या चौकटी! माझ्या हातात पेन्सिल होती, आजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसलेली असायची, आणि तिला काढायचं मला कधी सुचलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

म्हणून शिक्षक मंडळींना एवढंच म्हणेन: येत्या 3 जानेवारीला सावित्रीबाईंचं चित्र जरूर काढून घ्या. ज्या बाईने 1848 पासून मुलींना शिकवलं, तिचा चेहरा मुलांच्या हाताखालून जायलाच हवा. फक्त त्याच कागदाच्या मागच्या बाजूला घरातली एक बाई काढायला सांगा. समोर बसवून, चौकटी न आखता. नाक वाकडं आलं तरी चालेल.

भेटूया पुढच्या भागात.