संकटाची हांक आणि ऐकणारा कान

संकटांत सांपडलेल्या माणसाच्या मुखांतून प्रथम जी गोष्ट बाहेर पडते ती हांक. रानांत वाट चुकलेला गुराखी हाळी देतो, विहिरींत पडलेला माणूस ओरडतो आणि जवळपास कोणी असेल तर तो धांवून येतो. या साध्या व्यवहारांत तीन गोष्टी गृहीत असतात. हांक पोहोंचेल इतका आवाज हवा, ती ऐकणारा कान हवा, आणि ती कोठून आली हें कळावयास हवें. गांवांत या तिन्ही गोष्टी आपोआप जुळतात, म्हणून त्यांचा कोणी विचार करीत नाहीं. परंतु माणूस अथांग समुद्रावर, हिमप्रदेशांत किंवा निर्जन पर्वतांत शिरला म्हणजे ही जुळणी मोडते. ती पुन्हां जमवून आणण्याची धडपड म्हणजेच संकटसंदेशांचा इतिहास होय. दुर्गम डोंगरांत हिंडणाऱ्या हौशी प्रवाशांना आज तळहातावर मावणारीं उपग्रह-संदेशयंत्रें विकत मिळतात, आणि त्यांतलें कोणतें घ्यावें हा प्रश्न त्यांच्यापुढें असतो. या प्रश्नाचें उत्तर दुकानांतल्या किंमतीच्या तक्त्यापेक्षां या इतिहासांत अधिक स्पष्टपणें सांपडतें.

११ जुलै १८९७ रोजीं आंद्रे नांवाचा स्वीडिश इंजिनियर दोन सोबत्यांसह स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून बलूनमध्यें बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. निरोप पाठविण्यासाठीं त्यानें कबुतरें आणि समुद्रांत टाकावयाच्या तरंगत्या पेट्या बरोबर घेतल्या होत्या. त्या कबुतरांपैकीं एकच काय तें एका नॉर्वेजियन जहाजावर हातीं लागलें. त्याच्याजवळच्या चिठ्ठींत १३ जुलैची तारीख होती आणि सर्व कांहीं ठीक असल्याचा मजकूर होता. दुसऱ्याच दिवशीं बलून बर्फावर उतरलें! पुढें ते तिघे बर्फ तुडवीत, गाड्या ओढीत, जवळजवळ तीन महिने जिवंत होते. आणि त्या तीन महिन्यांत त्यांची एकही हांक जगाच्या कानीं गेली नाहीं. त्यांचे अवशेष, रोजनिशी व छायाचित्रांच्या फिल्मी पांढऱ्या बेटावर सांपडल्या त्या १९३० सालीं, म्हणजे तेहतीस वर्षांनीं.

आंद्रे निघाला त्याच सुमारास मार्कोनीचे बिनतारी संदेशाचे प्रयोग इंग्लंडांत चालू होते. थोड्याच वर्षांत जहाजांवर बिनतारी यंत्रें बसलीं. बर्लिन येथें १९०६ सालीं झालेल्या करारानें तीन टिंबें, तीन रेघा आणि तीन टिंबें ही एस्.ओ.एस्. ची खूण सर्व राष्ट्रांनीं मान्य केली. अशा रीतीनें हांकेला आवाज मिळाला. पण कानाचें काय?

याचें उत्तर १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं मिळालें. टायटॅनिक हिमनगावर आदळली तेव्हां 'कॅलिफोर्नियन' नांवाचें जहाज तिच्यापासून फार दूर नव्हतें. परंतु त्यावरचा एकुलता एक बिनतारी कर्मचारी दिवसभराचें काम आटोपून नुकताच झोपीं गेला होता. याउलट सुमारें अठ्ठावन्न मैलांवर असलेल्या 'कार्पेथिया'चा कर्मचारी निजावयास निघाला असतांही त्याच्या कानावर श्रवणयंत्र अजून होतें, आणि केवळ या योगायोगानें त्यास ती हांक ऐकूं आली. कार्पेथियानें सुमारें सातशें माणसें वांचविलीं. सुमारें पंधराशें समुद्रांत गेलीं. यंत्र उत्तम होतें, हांक स्पष्ट होती, पण जो कान जवळ होता तो निजला होता. म्हणूनच १९१४ सालच्या लंडनच्या परिषदेंत मोठ्या जहाजांवर रात्रंदिवस कान लावून बसण्याची व्यवस्था सक्तीची करावी असें ठरलें. संकटाची हांक ऐकणें हें भल्या माणसाच्या मर्जीवर सोडून चालत नाहीं, तें कोणाचें तरी नेमलेलें कर्तव्य असावें लागतें, हा या इतिहासांतला पहिला धडा होय.

दुसरा धडा १९२८ सालचा. त्या वर्षीं २५ मे रोजीं जनरल नोबिले यांचें 'इटालिया' हें वायुयान ध्रुवावरून परततांना बर्फावर आपटलें. नऊ माणसें वांचलीं. त्यांच्याजवळ एक तंबू होता, आणि सुदैवानें एक लहानसें लघुलहरींचें यंत्रही त्या सामानांत सांपडलें. बिआजी नांवाच्या बिनतारी कर्मचाऱ्यानें त्यावरून दिवसामागून दिवस संदेश पाठविले. स्पिट्सबर्गेनला त्यांच्याच मदतीसाठीं उभें असलेलें इटालियन जहाज तो संदेश ऐकूं शकलें नाहीं. तो ऐकला ३ जून रोजीं, उत्तर रशियांतील एका खेड्यांत स्वतः जुळविलेल्या यंत्रापाशीं बसलेल्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणानें! पुढें १२ जुलै रोजीं 'क्रासिन' या रशियन बर्फफोड्या जहाजानें उरलेल्यांना उचललें. दरम्यान त्यांना शोधावयास विमानानें निघालेला दक्षिण ध्रुवाचा विजेता आमुंडसेन स्वतःच कायमचा नाहींसा झाला. हांक अपुरी असली म्हणजे तिची किंमत केवळ संकटग्रस्तच नव्हे, तर शोधावयास जाणारेही देतात.

यानंतर बरींच वर्षें प्रगति झाली ती जहाजांची व मोठ्या विमानांची. लहान विमानें व एकटेदुकटे प्रवासी यांच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नव्हतें. १९६७ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियाच्या बर्फाळ डोंगरांत एक छोटें विमान पडलें. शोध घेणाऱ्यांना कांहींच न मिळाल्यामुळें शोध थांबला. पुढें शरद ऋतूंत अवशेष हातीं आले, आणि त्यांत सांपडलेल्या रोजनिशीवरून कळलें कीं, आई आणि तिची मुलगी अपघातानंतर कित्येक आठवडे तेथें जिवंत होत्या. आंद्रेची कथा सत्तर वर्षांनीं, विमानांच्या युगांत, पुन्हां घडली होती. या घटनेनें लोकमत हललें, आणि १९७० सालीं अमेरिकेंत लहान विमानांवरही आपटतांच आपोआप सुरू होणारें संकटसूचक यंत्र बसविण्याचा कायदा झाला. त्याची मुदत भरण्यापूर्वींच, १९७२ च्या ऑक्टोबरांत, तो कायदा करणाऱ्या काँग्रेसचेच दोन सभासद अलास्कांत विमानासह नाहींसे झाले. एकोणचाळीस दिवस शोध चालला. विमान आजतागायत सांपडलेलें नाहीं.

कायद्यानें यंत्रें बसलीं खरीं, परंतु तीं ज्या १२१.५ मेगाहर्ट्झ लहरीवर ओरडत ती लहर ऐकावयास वरून एकादें विमान जाणें आवश्यक होतें. पुन्हां कान योगायोगाचाच! शिवाय या हांकेंत नांव नव्हतें, गांव नव्हतें.

हा पेंच सुटला तो आकाशांतून. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोंवतीं फिरूं लागला, तेव्हां अमेरिकेंतील गायर व वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनीं त्याचा आवाज टिपला. स्टेशनांतून वेगानें जाणाऱ्या आगगाडीची शिटी जवळ येतांना उंच व दूर जातांना खालच्या सुरांत ऐकूं येते, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. स्पुटनिकच्या सुरांतला तसलाच चढउतार मोजून त्यांनीं त्याचा मार्ग काढला. मग उलट विचार सुचला. उपग्रहाचा मार्ग ठाऊक असेल तर जमिनीवरून येणाऱ्या हांकेच्या चढउतारावरून हांक मारणाऱ्याचें स्थळही काढतां येईल. म्हणजे एकाच उपग्रहानें हांक ऐकावी आणि तिचा ठावठिकाणाही सांगावा!

या कल्पनेवर अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनीं १९७९ च्या नोव्हेंबरांत लेनिनग्राड येथें करार केला. महिन्याभरांतच सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या आणि दोन महासत्तांमधील वैर पुन्हां भडकलें. तरी हें काम थांबलें नाहीं. ३० जून १९८२ रोजीं पहिला उपग्रह सुटला, तो रशियाचा होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत पडलेल्या लहान विमानाची हांक त्या रशियन उपग्रहानें ऐकली आणि तीन माणसांचे प्राण वांचले. ज्या आकाशांतून एकमेकांवर अस्त्रें टाकण्याची तयारी चालली होती, त्याच आकाशांत परक्याचा आक्रोश ऐकणारा एक सामाईक कान उभा राहिला. कॉस्पास-सारसॅट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या योजनेमुळें आजवर पन्नास हजारांहून अधिक माणसें वांचलीं आहेत.

जुन्या लहरीचा दोष मात्र लवकरच नडला. तिच्यावरील सूचनांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक खोट्या निघत. १९८० नंतरच्या दशकांत ४०६ मेगाहर्ट्झवर बोलणारीं नवीं यंत्रें आलीं. तीं सुमारें दर पन्नास सेकंदांनीं पांच वॅट शक्तीचा अर्ध्या सेकंदाचा संदेश सोडतात, आणि त्यांत यंत्राचा नोंदणीक्रमांक असतो. क्रमांकावरून मालक कळतो, त्याच्या घरीं विचारणा होते, आणि खरें-खोटें ठरतें. २००४ सालीं अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांत एका घरांतील बिघडलेला टेलिव्हिजनच जुन्या लहरीवर संकटाची हांक मारीत होता, आणि शोधपथक त्या घराच्या दाराशीं जाऊन उभें राहिलें होतें! १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनीं ती जुनी लहर ऐकणें बंद केलें. त्यामुळें कोणी जुनें यंत्र स्वस्तांत देऊं लागला तर ती लहर आधीं पाहावी; उपग्रहाच्या दृष्टीनें तें यंत्र आज मुकें आहे.

आतां निवडीचा प्रश्न सोपा होतो. बाजारांत मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली व्यक्तिगत बीकनची. तिची हांक सरकारी शोधयंत्रणेकडे जाते, तिला वर्गणी लागत नाहीं, आवाज जबरदस्त असतो, आणि एकदां चालू केल्यावर ती निदान चोवीस तास बोलत राहते. मात्र ती एकच शब्द जाणते, 'धांवा'. उत्तर ऐकण्याची सोय बहुतेकांत नाहीं. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमार्फत २०२० पासून कांहीं यंत्रांना 'हांक पोहोंचली' एवढी पोंच मिळूं लागली आहे. दुसरी जात उपग्रह-संदेशवाहकाची. ती २००७ पासून बाजारांत आली. तिच्यांतल्या पुष्कळ यंत्रांवरून दोन्ही बाजूंनीं मजकूर पाठवितां येतो, त्यामुळें पाय मोडला आहे कीं केवळ वाट चुकली आहे, हें सांगतां येतें, आणि काय घेऊन यावयाचें हें मदतीला येणाऱ्यास कळतें. परंतु तिची शक्ति कमी, बॅटरी वरचेवर भरावी लागते, हांक खासगी कंपनीच्या केंद्रांत जाते, आणि वर्गणी थकली कीं कान बंद! शिवाय सर्व कंपन्यांचे उपग्रह सारखे नाहींत. इरिडियमचे सहासष्ट उपग्रह एकमेकांकडे संदेश देत सबंध पृथ्वी झांकतात. ग्लोबलस्टारच्या उपग्रहाला मात्र त्याच क्षणीं जमिनीवरचें केंद्रही दिसावें लागतें, त्यामुळें ध्रुवप्रदेशांत व भर महासागरांत ती सोय नाहीं. २०२२ पासून कांहीं मोबाइल फोनही उपग्रहाशीं बोलूं लागले आहेत. पण आपत्ति येईपर्यंत फोनची बॅटरी छायाचित्रांतच संपलेली असण्याचा संभव विसरूं नये.

माझ्या मतें निर्णय असा: दीर्घ, एकाकी आणि निर्जन प्रवासांत एकच वस्तु नेणें शक्य असेल तर बीकन न्यावें, कारण तिथें नेमलेला कान आणि टिकणारा आवाज यांचें मोल सर्वांत जास्त. घरचीं माणसें काळजींत बसलीं असतील, बेत बदलण्याचा संभव असेल, तर दोन्ही बाजूंनीं बोलणारें यंत्र बरें. कोणतेंही घेतलें तरी त्याची नोंदणी करावी, बॅटरीची मुदत पाहावी, आणि खोल दरींत आकाश दिसत नसेल तर हांकही अडखळते हें ध्यानांत ठेवावें.

भारतांत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या देशाचीं केंद्रें बंगळूर व लखनौ येथें असून हा आंतरराष्ट्रीय कान आपलाही आहे. मच्छीमारांसाठीं भारतीय अंतराळ संस्थेनें स्वतंत्र यंत्र केलें असून, त्याच्या २०२४ सालच्या नव्या आवृत्तींत हांक पोहोंचल्याची पोंच नाखव्याला मिळते. परंतु परवानगीवांचून उपग्रह-संदेशवाहक बाळगणें कायद्यानें मना आहे, आणि अशा यंत्रामुळें परदेशी प्रवाशांवर २०२४ सालीं गोव्याच्या विमानतळावर कारवाई झालेली आहे. हिमालयांत जाणाऱ्यानें यंत्राआधीं परवानगीची चौकशी करावी.

आंद्रेजवळ कबुतरें होतीं, पण वाट पाहणारा कान नव्हता. आपण यंत्र विकत घेतों तेव्हां वस्तुतः तो कानच विकत घेत असतों. आणि त्या सर्व कानांपैकीं सर्वांत जुना व फुकटचा कान घरींच असतो. कोणत्या वाटेनें जाणार, केव्हां परतणार, आणि कोणत्या वेळेपर्यंत न आल्यास कोणास कळवावयाचें, एवढें कागदावर लिहून घरीं ठेवलें तर यंत्र बंद पडलें तरी त्या दिवशीं कोणी तरी उठून शोधावयास निघतो.