तटस्थ आणि आप्त : काशिराज पंडिताच्या पानिपत-वृत्तान्ताच्या निमित्तानें

ऐतिहासिक साधनांची प्रतवारी लावतांना "लेखक कोणत्याही पक्षाचा नाहीं, म्हणून तो विश्वसनीय" हें अनुमान आपल्यांत इतकें रूढ झालें आहे कीं, त्याची कोणी परीक्षाच करीत नाहीं. आम्हीं स्वतः शाळेंत अध्यापन करीत असतां पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस हेंच सांगितलें. आणि उदाहरण म्हणून दर वेळीं काशिराज पंडिताचें नांव घेतलें. निवृत्तीनंतर तोच वृत्तान्त सावकाश वाचतां आमचें हें सांगणें अर्धवट होतें असें दिसून आलें. ती चूक दुरुस्त करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

काशिराज हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण. पण चाकरी अयोध्येच्या सुजाउद्दौल्याची. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर संग्राम झाला, तेव्हां तो सुजाच्या गोटांत होता. जन्मानें मराठ्यांकडील आणि अन्नानें अबदालीच्या पक्षाकडील, अशा या स्थितीमुळें त्याला मध्यस्थ साक्षीदाराचें पद आपोआप प्राप्त झालें. लढाईनंतर सुमारें वीस वर्षांनीं त्यानें फारसींत हा वृत्तान्त लिहिला. जेम्स ब्राउन यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, व पुढें जदुनाथ सरकार यांनीं मूळ फारसीवरून तो पुन्हां तपासला.

आतां कसोटी कोणती लावावयाची? आपल्या शास्त्रांत या बाबतींत दोन वचनें उपयोगी आहेत. कल्हणानें राजतरंगिणीच्या आरंभीं, ज्याची वाणी राग व द्वेष यांपासून दूर आहे तोच वृत्तकथनास योग्य, असा अभिप्राय दिला आहे. ही झाली तटस्थतेची कसोटी. परंतु न्यायभाष्यकार वात्स्यायन 'आप्त' शब्दाचें लक्षण करितांना तटस्थतेचें नांवही घेत नाहीं. ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषि असो, आर्य असो कीं म्लेच्छ असो. आमच्या मतें इतिहाससंशोधकाला कल्हणाहून वात्स्यायनच अधिक जवळचा आहे.

हें लक्षण काशिराजास लावून पाहूं. भाऊसाहेबांची तह करण्याविषयींची अखेरची चिठ्ठी त्याच्याच नांवें आली. विश्वासरावांचें शव सुजाच्या गोटांत आणल्यावर दुराण्यांनीं त्याची विटंबना करूं नये म्हणून जी खटपट झाली, तींत व पुढील दहनविधींत तो स्वतः होता. जखमी जनकोजी शिंदे बरखुरदारखानाच्या ताब्यांत असतां त्यांस सोडविण्याच्या बोलण्यांतही त्याचा हात होता; नजीबखानास सुगावा लागला आणि जनकोजीचा गुप्तपणें वध झाला, हें तो सांगतो. शिर नसलेलें एक शव अंगावरील खुणांवरून भाऊसाहेबांचें ठरविलें गेलें, तो प्रसंगही त्यानें जवळून पाहिला. पुढें तोतयानें कोंकणांत धुमाकूळ घातला व १७७६ त त्याला देहान्त शासन झालें, हें लक्षांत घेतां या एका साक्षीचें मोल किती, हें निराळें सांगावयास नको. इतक्या भागापुरता काशिराज पूर्ण आप्त आहे.

पण सूरजमल्ल व मल्हारराव यांनीं गनिमी काव्याची सल्ला दिली आणि भाऊसाहेबांनीं ती तुच्छतेनें झिडकारली, ही मसलत तो वर्णितो, तेव्हां तो तेथें नव्हता. ही कथा त्यास शत्रूच्या छावणींत ऐकूं आलेली. आणि विजयी छावणींत पराभूताच्या गर्वाच्या गोष्टी स्वभावतःच पिकतात. भाऊसाहेबांच्या उद्दामपणाविषयीं जें मत पुढें रूढ झालें, त्याचें पुष्कळ ओझें या ऐकीव भागावर उभें आहे. शिवाय ज्याचें मीठ खाल्लें तो सुजा या वृत्तान्तांत प्रत्येक प्रसंगीं उदारच दिसतो. तेव्हां काशिराज सर्वस्वीं तटस्थही नाहीं, आणि सर्वत्र आप्तही नाहीं.

याच्या उलट प्रकार पाहा. भाऊसाहेबांच्या बखरीचा कल शिंद्यांकडे आहे, हें उघड आहे. होळकरांनीं नजीबखानास पाठीशीं घातलें, हा तिचा मुख्य आरोप. तिच्यांतील धोतरें बडविण्याचें सुप्रसिद्ध भाषण कोणी शब्दशः खरें मानूं नये. पण १७५७ त दिल्लीस नजीबखान हातीं आला असतां मल्हाररावांच्या भिडेनें सुटला, ही गोष्ट इतर साधनांवरूनही सिद्ध होते. पक्षपाती लेखक येथें खरें बोलतो. नाना फडणीस तर पराभूत पक्षाचेच. तरी आत्मवृत्तांत स्वतःच्या पलायनाची हकीकत ते लपवीत नाहींत. जो स्वतःच्या लौकिकाविरुद्ध लिहितो, त्याच्यावर अविश्वास कां ठेवावा?

अस्सल पत्रांविषयींही सावधगिरी हवी. राजवाडे यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढून १७५० ते १७६१ चीं पत्रें उजेडांत आणलीं, हे उपकार फिटणारे नाहींत. त्यांतील भाऊसाहेबांच्या तगाद्याच्या पत्रांवरून छावणींतील द्रव्याची टंचाई निर्विवाद ठरते, कारण तीं त्या क्षणीं, गरजेपोटीं लिहिलेलीं आहेत. परंतु त्याच पत्रांच्या बळावर गोविंदपंत बुंदेल्यांस कर्तव्यशून्य ठरविणें म्हणजे फिर्यादीची कैफियत हाच निवाडा मानणें होय. शत्रूची रसद मारण्याच्या ज्या कामांत त्यांनीं कुचराई केली असें म्हणतात, त्याच कामावर असतां डिसेंबर १७६० मध्यें ते मारले गेले. मृत माणसास आपली बाजू मांडतां येत नाहीं. ती मांडण्याची जबाबदारी आपणांवर येते. शेजवलकरांनीं १९४६ त पानिपतावरील ग्रंथांत सर्व साक्षी पुन्हां समोरासमोर उभ्या केल्या, त्यांतील खरा धडा हाच आहे.

तात्पर्य, तटस्थता हा लेखकाच्या स्थानाचा गुण आहे. विश्वासार्हता ही एकेका विधानाची पारखून घ्यावयाची वस्तु आहे. दूर उभा राहिलेला मनुष्य निःपक्षपाती असेल, पण त्याला दिसलेंही कमी असेल. आज नित्य राजकारणावर भाष्य करणारे आपण कोणाचेच नाहीं अशी ग्वाही प्रथम देतात; त्यांनाही हाच प्रश्न विचारावा कीं, बाबा, यांतलें पाहिलेलें किती आणि ऐकलेलें किती?

दप्तरें बाळगणाऱ्या गृहस्थांस आमची एक विनंति आहे. कागदाची यादी करितांना 'विश्वसनीय' अथवा 'पक्षपाती' असा एकच शेरा मारून मोकळें होऊं नये. लिहिणारा कोण, चाकर कोणाचा, घटनेच्या वेळीं कोठें होता, किती काळानें लिहितो, आणि कोणतें वाक्य स्वतःच्या डोळ्यांचें आहे, एवढ्या पांच गोष्टी प्रत्येक कागदापुढें टिपून ठेवाव्या. तसें झाल्यास निवाडा करणाराचें निम्में काम संग्राहकाच्याच हातून होईल, आणि आमच्यासारख्या मास्तराला वर्षानुवर्षें अर्धें खरें शिकविण्याची पाळी येणार नाहीं.